तीन चुकांचा ठराव

२ सप्टेंबर

शेवटी हो म्हणून टाकलं. सेमिनरीचे प्राचार्य आज तिसऱ्यांदा घरी आले होते. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता चौसष्टाव्या वर्षी मी पाळक होऊ घातलेल्या बारा ख्रिस्ती माणसांना हिब्रू शिकवणार. त्यांचे आधीचे सर दुसऱ्या गावी गेले म्हणे. हिब्रू येणारी माणसं इथे बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती सगळी यहुदी, आमच्या सिनेगॉगमधली.

प्राचार्य सतत हसत असतात. म्हणाले, “बाई, आपण एकाच झाडाच्या फांद्या.” मी म्हटलं, “मग बुंध्याला, आमच्या ग्रंथाला, जुना करार का म्हणता? माझ्याकडे एकच करार आहे, तो मला कधी जुना झालेला दिसला नाही.” त्यावरही हसले. अशा माणसाशी भांडायला मजा येत नाही.

हे डोळ्याला भिंग लावून कुणाचंतरी घड्याळ उघडून बसले होते. प्राचार्य गेल्यावर म्हणाले, “तू जाच.” तुम्हाला कसला एवढा पुळका, असं विचारलं, तर मान वर न करता म्हणाले, “घरात बसून माझ्या बोलण्यातल्या चुका काढतेस, त्यापेक्षा तिकडे काढ.”

मी जातेय ती त्यांच्या घरात जाऊन त्यांना चार शब्द सुनवायला. दुसरं काहीही कारण नाही. हे इथे लिहून ठेवते.

३ सप्टेंबर

बातमी पोचली. दादाचा फोन. तो सिनेगॉगचा विश्वस्त, त्यामुळे त्याचा फोन म्हणजे अर्धी सभाच. “ज्यांनी आपलं पोर नेलं, त्यांनाच शिकवायला निघालीस? लाज नाही वाटत?” मी म्हटलं, पोराला कुणी नेलं नाही, तो स्वतःच्या पायांनी गेला. दादाने फोन ठेवला.

सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलाने बाप्तिस्मा घेतला. एकुलता एक. मी सात दिवस जमिनीवर बसले, मेलेल्या माणसासाठी बसतात तशी. आरशांवर चादरी टाकल्या. दादा रोज येऊन शेजारी बसायचा. हे मात्र बसले नाहीत. “माझा मुलगा जिवंत आहे,” एवढंच म्हणाले आणि दुकान उघडायला गेले. त्यावरून महिनाभर आमच्यात बोलणं नव्हतं.

मुलगा आता त्याच सेमिनरीच्या वसतिगृहात राहतो हे सगळ्या गावाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. वर्गातला अभ्यास त्याने कधीच संपवलाय, त्यामुळे माझ्या वर्गात तो असणार नाही. प्राचार्यांना मी आधी तेवढंच विचारलं होतं.

९ सप्टेंबर

पहिला तास. लांबट खोली, बारा बाकं, फळ्याच्या वर क्रूस. शिकवताना माझी पाठ क्रूसाकडे असते, तेवढं बरं.

पहिल्या बाकावर पन्नाशीची एक बाई आहे, आधी नर्स होती. आता नवरा गेल्यावर पाळक व्हायला निघालीय. वाचायला तिलाच उठवलं. ती धडाधड वाचत सुटली आणि देवाच्या नावापाशी आली तेव्हा तेही धडधडीत वाचलं. खडू हातातून पडला.

त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं. चार अक्षरांचं ते नाव आम्ही उच्चारत नाही. ते लिहिलेलं असतं, डोळे ते पाहतात, पण तोंड ‘प्रभू’ या अर्थाचा दुसरा शब्द म्हणतं. मी पाचव्या वर्षी हे शिकले. माझ्या आईने मला मांडीवर घेऊन शिकवलं, मी माझ्या मुलाला मांडीवर घेऊन शिकवलं. खरा उच्चार कसा होता हे आज जगात कुणालाच ठाऊक नाही. यांच्या पंडितांनी अंदाजाने एक बसवलाय आणि तो हे लोक शेजाऱ्याला हाक मारल्यासारखा मारतात.

नर्सबाई म्हणाली, “पण आधीचे सर म्हणायचे, लिहिलंय ते वाचलंच पाहिजे.”

“आधीचे सर गेले. माझ्या वर्गात हे नाव कुणी तोंडातून काढायचं नाही.”

“आणि परीक्षेत, बाई?”

“परीक्षेचं परीक्षेत बघू.”

बाई चौकस आहे. असे विद्यार्थी डोक्याला ताप असतात, पण शिकतातही तेच.

११ सप्टेंबर, बुधवार

हे स्प्रिंगा आणायला बाजारात गेले ते चार तासांनी उगवले. दर बुधवारी जातात. एवढ्या स्प्रिंगा कुठल्या घड्याळांना लागतात देव जाणे. आणि आल्यावर जेवायला नको. भूक नाही म्हणे.

२४ सप्टेंबर

आज ग्रंथालयाच्या जिन्यात दिसला. खाली येत होता. मी वर जात होते. थांबला, भिंतीला लागून उभा राहिला आणि मला वाट दिली. मी बघितलं नाही.

वाळलाय. शर्टाचं वरून दुसरं बटण नाही.

९ ऑक्टोबर

प्राचार्यांचं व्याख्यान होतं, शिक्षकांनी हजर राहायचंच होतं, म्हणून मागे जाऊन बसले. विषय दोन करारांचं नातं. त्यांच्या मते जुना करार सावली आणि नवा करार प्रत्यक्ष वस्तू. सावलीवरून वस्तू ओळखायची, वस्तू आली की सावलीचं काम झालं. आमचे यज्ञबळी, आमचे नियम, आमचा विसाव्याचा शब्बाथ, सगळं कसं पुढच्या कुणाची तरी वर्दी देत होतं, हे त्यांनी तासभर गोड आवाजात सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उठले. “सावलीचं काम झालं असेल तर तिला इथे नोकरीला कशाला ठेवलंत?” मुलं हसली. प्राचार्यही हसले. म्हणाले, “बाई, आमच्या इथे पूर्ण झालं म्हणजे संपलं, असा अर्थ नाही.” मी म्हटलं, “तुमच्याकडे नसेल. पण जे तुमच्या पूर्ण होण्याचा धाक घालून आमच्या लोकांना शेकडो वर्षं गावाबाहेर काढत होते, त्यांना हा फरक कुणी सांगितला नव्हता.”

ह्यावर मात्र ते हसले नाहीत. खाली बघून म्हणाले, “खरं आहे.” मला दोन वाक्यं अजून बोलायची होती, ती तशीच राहिली. समोरचा खरं आहे म्हणाला की पंचाईत होते.

६ नोव्हेंबर

परीक्षेला बसणाऱ्यांची यादी आली. बारा माझे. तेरावं नाव त्याचं.

नावापुढे लाल शाईत शेरा आहे: हिब्रू, तोंडी वाचन, दोनदा अनुत्तीर्ण. तिसरी व अंतिम संधी.

दोनदा नापास! हिब्रूत! सातव्या वर्षी जो सिनेगॉगमध्ये स्टुलावर उभा राहून न अडखळता वाचायचा, ज्याचं वाचन ऐकून दादाच्या डोळ्यांत पाणी यायचं, तो. धर्म टाकला तो टाकला, भाषाही पुसून टाकली. मी यांना यादी दाखवली. हे ती खाली ठेवून म्हणाले, “चूक कशात झाली ते विचारलंस का कुणाला?” मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, डोक्यात क्रूस भरल्यावर अक्षरांना जागा कुठली उरणार. हे उठून बाहेर गेले. बुधवार आहे ना, स्प्रिंगा आणायच्या असतील.

८ नोव्हेंबर

इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते.

तिसऱ्यांदा नापास झाला तर तो पाळक होऊ शकत नाही. वसतिगृहातली खोलीही सोडावी लागते. मग जाईल कुठे? यांच्या दुकानात दुसरी खुर्ची रिकामीच असते. त्याची खोली मी बंद ठेवलीय, पण पुसते.

मला तो नापास झालेला हवाय. लबाडी करणार नाही, त्याचं बरोबर असेल ते चूक म्हणणार नाही. पण ज्याला वाचता येत नाही त्याला येत नाही म्हणायला कुणाची भीती आहे?

१२ नोव्हेंबर

प्राचार्यांनी खोलीत बोलावलं. माझ्या मुलाच्या परीक्षेला मी असावं का, असा प्रश्न कार्यकारिणीत कुणीतरी काढला. मी तयारच होते. म्हटलं, “माझा मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला. हा तुमचा विद्यार्थी आहे. तरी लोकांची तोंडं बंद व्हायला हवी असतील तर दोन गोष्टी करा. बाहेरचे परीक्षक बोलवा. आणि नियम कडक करा. आतापर्यंत चूक कशाला म्हणायचं हे ज्या त्या परीक्षकाच्या मर्जीवर होतं. ते बंद करा.”

प्राचार्य म्हणाले, “बाई, मर्जी कधीकधी चांगली असते.”

“मर्जी म्हणजे वशिला. मी पस्तीस वर्षं शाळेत पेपर तपासलेत, मला शिकवू नका.”

ठरावाचा मसुदा मीच करून देणार.

१४ नोव्हेंबर

मसुदा दिला. उतारा वाचताना छापील शब्द वगळला, बदलला किंवा त्यात भर घातली तर चूक धरावी. तीन चुका झाल्यास उमेदवार अनुत्तीर्ण. यास अपवाद नाही.

प्राचार्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. “‘शब्द बदलला तर चूक’ हे वाक्य असंच ठेवायचं? एकदा नीट विचार करा, बाई.”

“असंच ठेवायचं.”

“घरी यजमानांशी बोलून बघता का?”

यजमानांचा काय संबंध! घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला परीक्षेच्या नियमांतलं काय कळतं? मला समजतंय त्यांचं दुखणं. नापास होणाऱ्यांची कणव आहे त्यांना. खालच्या आवाजात म्हणाले, “मग मी काय करणार,” आणि कागद पुढच्या सभेच्या फायलीत ठेवला.

२९ नोव्हेंबर

ठराव एकमताने मंजूर. यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. “मसुदा तू लिहिलास?” म्हटलं, शब्द न् शब्द माझा. हे म्हणाले, “मग आता बोलून उपयोग नाही.” काय बोलायचं होतं विचारलं तर पाणी प्यायले आणि उठले.

२२ जानेवारी

जवळजवळ दोन महिने काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडलं नाही, क्रियापदं घडली.

आज आमच्याच ग्रंथातला, नव्या कराराचा उतारा शिकवला. आमच्या संदेष्ट्याने म्हटलंय, देव एक नवा करार करील, आणि तो दगडावर नाही, माणसांच्या आत लिहील. ‘नवा करार’ ह्याच दोन शब्दांवर या लोकांनी आपल्या अख्ख्या धर्माची पाटी रंगवली. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि विचारलं, “करार कोणाशी होणार आहे? वाचा. नावपत्ता दिलाय.”

नर्सबाईने वाचलं: इस्राएलाच्या घराण्याशी आणि यहुदाच्या घराण्याशी.

“ह्यात तुमचं घर कुठे दिसतंय का कुणाला?”

मागच्या बाकावरचा एक टकलू, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, “बाई, आम्हाला पाहुणे म्हणून तरी येऊ द्या.” मी म्हटलं, “पाहुण्यांनी यावं. घरमालकाला बाहेर काढून दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावू नये.”

परीक्षेला हाच उतारा ठेवायचं ठरवलं. सगळ्यांना एकच. त्यालाही विचारीन, करार कोणाशी? बघू काय दिवे लावतो.

१७ फेब्रुवारी

बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. ६ मार्च पक्का. ठरावाची प्रत त्यांनी मागवून घेतली. शिस्तीचा माणूस दिसतो.

६ मार्च

आजच लिहायला हवं.

टेबलामागे आम्ही तिघं. मध्ये प्राचार्य, डावीकडे मी, उजवीकडे बाहेरचे परीक्षक. किडकिडीत माणूस, टोक काढलेल्या तीन पेन्सिली समोर ओळीने लावलेल्या. उमेदवाराने एकट्याने आत यायचं, उभ्याने वाचायचं, अर्थ सांगायचा, जायचं.

त्या उताऱ्यात देवाचं नाव पाच वेळा येतं.

नर्सबाई पहिली आली. पहिल्या ओळीत नाव आलं आणि तिने ते उच्चारलं. जसं लिहिलंय तसं, मोठ्याने. मग माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पुढेही चार वेळा उच्चारलं. त्यानंतरचाही तसाच. त्यानंतरचाही. सहा महिने माझ्या वर्गात जे शिकले, ते सगळं उंबऱ्याबाहेर ठेवून आले होते. बारा जणांनी पाच पाच वेळा. मी टेबलाची कड धरून बसले होते. त्यांना पास व्हायचं होतं, त्यात त्यांची चूक नाही, हे आता लिहिताना म्हणते. तेव्हा एकेकाला उठून थोबाडीत द्यावी असं वाटत होतं. ठराव त्यांनी वाचला होता. मी लिहिला होता, पण वाचला त्यांनी.

मग तो आला. बटण लावलेलं होतं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने.

वाचायला लागला. मला वाटलं होतं अडखळेल. अडखळला नाही. माझ्या आईची लय होती ती, वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर नेण्याची. नाव आलं. क्षणभर थांबला आणि मी मांडीवर शिकवलेला शब्द म्हणाला.

बाहेरच्या परीक्षकांच्या पेन्सिलीने एक रेघ ओढली.

मला पहिल्यांदा कळलंच नाही रेघ कसली ते. दुसऱ्यांदा नाव आलं, तो तेच म्हणाला, दुसरी रेघ. मग मला कळलं. तिसरी. चौथी. पाचवी. बाकी एका मात्रेचीही चूक नाही. असं वाचन मी सिनेगॉगमध्येही बऱ्याच वर्षांत ऐकलं नाही.

परीक्षक म्हणाले, “पाच चुका. छापील शब्द बदलला.”

मी म्हटलं, “ही चूक नाही. असंच वाचतात ते. हजारो वर्षं असंच वाचतात.”

“तुमच्याकडे वाचत असतील, बाई. पण ठरावात अपवाद नाही.” त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “ठराव तुमचाच आहे ना?”

मला ते बदलणं आहे असं आयुष्यात कधी वाटलंच नव्हतं. तेच वाचन. तो मसुदा लिहिताना माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, शपथेवर सांगते.

प्राचार्य म्हणाले, एक संधी देऊ, पहिलं वाक्य पुन्हा वाचू दे, लिहिलंय तसं. परीक्षकांनी मान डोलावली. माणूस वाईट नाही. मुलगा माझ्याकडे बघत होता. सहा वर्षांनी. आणि मी, माझ्या आईची मुलगी, मी त्याला म्हटलं, “वाच लिहिलंय तसं.”

तो म्हणाला, “आधी तुम्ही वाचून दाखवा, बाई.”

मला बाई म्हणाला. मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

“मग राहू दे,” तो म्हणाला.

नियमाप्रमाणे अर्थाचा प्रश्न तरी विचारायलाच हवा होता. मी विचारला, का ते माहीत नाही, कदाचित तो खोलीत अजून थोडा वेळ राहावा म्हणून. “हा करार कोणाशी होतो?”

“इस्राएलाच्या घराण्याशी.”

“मग तुम्ही मध्ये कुठून आलात?”

“मी बाहेरून आलो नाही, बाई. मी त्याच घराण्यातला आहे.”

नमस्कार करून गेला. निकालपत्रावर तीन सह्या लागतात. दोन झाल्या. मी पेन टेबलावर ठेवून घरी आले.

७ मार्च

यांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“आधीच्या दोन्ही वेळा ह्याच्यासाठीच नापास झाला?”

“हो. आधीचे सर ते नाव उच्चारायला लावायचे. हा उच्चारत नाही.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यानेच. बुधवारी.”

सहा वर्षांच्या स्प्रिंगा! दर बुधवारी दोघं बापलेक एकत्र जेवतात, आणि मी इथे ताट वाढून बसते. मी ओरडले, “मला सांगायचंत ना!” हेही ओरडले, लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदा. “सात दिवस जमिनीवर बसून मुलाला मेला म्हणालीस. मेलेल्याचं काय सांगायचं तुला? तू विचारलंस कधी?”

मी तशीच प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, तुम्ही मसुदा वाचलात तेव्हा स्पष्ट का नाही बोललात? ते आज हसत नव्हते. म्हणाले, “आम्ही तुम्हाला का बोलावलं होतं असं वाटतं? हिब्रू मीही शिकवू शकतो. नियम बदलायला कार्यकारिणी तयार नव्हती. मला फक्त असा परीक्षक हवा होता, जो त्याला चूक म्हणणार नाही. ह्या गावात तशी तुम्हीच होतात.”

“मला सांगितलं असतंत तर?”

“तर तुम्ही आला असतात?”



९ मार्च

कालचा शब्बाथ गेला, मी एकाही प्रार्थनेत नव्हते. आज सकाळपासून कार्यकारिणीला अर्ज लिहितेय. चार वेळा फाडला. पाचवा असा आहे:

परीक्षक या नात्याने माझं मत असं की तेराव्या उमेदवाराच्या वाचनात एकही चूक नव्हती. त्या नावाच्या जागी तो शब्द म्हणणं हेच ते नाव वाचणं आहे. ह्या उमेदवाराने दोनदा आणि आता तिसऱ्यांदा नापास होणं पत्करलं, पण आपल्याला लहानपणी जे पवित्र म्हणून दिलं गेलं ते मोडलं नाही. असा माणूस तुम्हाला पाळक म्हणून नको असेल, तर तुम्हाला कसा हवाय ते कळवावं. तीन चुकांचा ठराव मी नियमांच्या प्रेमाने मांडलेला नाही. तो मी माझ्या मुलाला नापास करण्यासाठी मांडला. तो रद्द करावा.

‘माझ्या मुलाला’ हे शब्द लिहायला सगळ्यात वेळ लागला.

एक यहुदी बाई चर्चला अर्ज करते की माझ्या मुलाला पाळक करा. दादाला कळलं तर तो माझ्यासाठी सात दिवस बसेल. बसू दे. आणि कुणी असं समजू नये की मी मवाळ झाले. त्यांनी आमच्या कराराला जुना म्हटलं, आमच्या संदेष्ट्यांना आपले निरोपे केलं, यातलं काहीही मला मान्य नाही. वाचन मात्र बरोबर होतं.

१० मार्च

अर्ज दिला. तिसरी सही केली नाही.

१९ मार्च

कार्यकारिणीचं पत्र. ठराव रद्द. त्या नावाच्या जागी परंपरेचा शब्द वाचला तर यापुढे चूक धरायची नाही. तेरावा उमेदवार उत्तीर्ण. स्वतःच्या मुलाला अडवण्यासाठी पदाचा वापर केल्याबद्दल मला कामावरून कमी केलंय. दोन्ही निर्णय बरोबर आहेत.

नर्सबाई घरी येऊन गेली. म्हणाली, “बाई, मी पास झाले, पण मला रात्री झोप लागत नाही.” मी म्हटलं, चांगलं आहे, पाळकाला थोडी कमीच लागावी. तिला क्रियापदांची वही देऊन टाकली.

२० मार्च

दुपारी तीनला दार वाजलं. हे दुकानातून लवकर का आले होते ते आता कळतंय. मी दार उघडलं. तो होता.

आभार मानायला आला असेल असं मला वाटलं. मूर्ख मी. आत पाऊल टाकायच्या आधीच सुरू झाला. “तुला कुणी सांगितलं होतं अर्ज करायला? दोन वर्षं मी बाबांशिवाय कुणाला कारण सांगितलं नव्हतं. का उच्चारत नाही हे त्या लोकांना नाही, मित्रांना नाही. ते माझं होतं. तू ते कागदावर लिहून सभेत वाचायला दिलंस!”

“मग काय नापास होऊ द्यायचं होतं?”

“तुझीच तर इच्छा होती!”

मी विचारलं, “का नाही उच्चारलंस?” तो म्हणाला, “माहीत नाही. तोंडच उघडत नाही.” मग आवाज चढवून, “पण म्हणून मी परत आलोय असं समजू नकोस. रविवारी माझी पाळकपदाची दीक्षा आहे. तू ये किंवा येऊ नकोस.”

“येणार नाही.”

“ठीक आहे.”

हे मध्ये चहा ठेवून गेले. कुणी घेतला नाही. मी चौदा दिवस तयार करून ठेवलेलं उत्तर काढलं. म्हटलं, “तू त्याच घराण्यातला आहेस ना? मग करार तुझ्याशी आधीच झालेला होता. दुसऱ्याच्या दारातून आत यायची गरज काय होती?”

“तोच करार आहे, आई. फक्त आत लिहिलेला.”

“आत लिहिलेला असेल तर त्याच उताऱ्यात पुढे काय आहे ते वाच. त्या दिवसानंतर कुणी कुणाला शिकवणार नाही, सगळे आपापले देवाला ओळखतील. तुमचा नवा करार खरंच आलेला असता तर तुला पाळक होऊन शिकवायला उरलं काय असतं?”

त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. यांचं हसू असंच सुरू होतं. पण त्याने ते दाबलं आणि म्हणाला, “तो आलाय, पण पुरा व्हायचाय.” मी म्हटलं, “म्हणजे आमच्यासारखी तुम्हीही वाटच बघताय. मग आम्हाला आंधळे का म्हणता?” त्यावर त्याने चार मुद्दे काढले, त्यातले दोन फालतू होते, एक बरा होता, आणि चौथ्याने मला खरंच राग आला. मी ताडकन उठले. तोही उठला. शब्दाला शब्द वाढत दीड तास गेला. एकमेकांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

शेवटी तो म्हणाला, “तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही,” आणि दाराकडे गेला. वाकून जोडे घालायला लागला. मी मागून म्हटलं, “चौथ्या मुद्द्याचं उत्तर राहिलंय.”

“मला पाच वाजता प्रार्थनेला जायचंय.”

“मग पळ. उत्तर झेपणार नाहीच तुला.”

एक जोडा पायात, एक हातात, तसाच तो वळला. लालबुंद झाला होता. “बोल,” म्हणाला.

यांनी त्याच्या मागून जाऊन दार आतून लावून घेतलं.